परमुलखातला सण आणि आपली पंगत

(विहाराच्या वर्धापन दिनी केलेले भाषण)

 

दरवर्षी या दिवशी मोठमोठे विद्वान येथे येऊन बोलून जातात. यंदा समितीने गिरणी कामगाराच्या हातात माईक दिला आहे. आमचे शिक्षण म्हणाल तर दहावी नापास. पुढचे सगळे शिक्षण दिवसा याच विहाराच्या वाचनालयात आणि रात्री सूतगिरणीच्या रिंगखात्यात झाले. तेव्हा शब्द इकडेतिकडे झाला तर सांभाळून घ्यावे. पण विचार पटला नाही तर मात्र सांभाळून घेऊ नये, चहाच्या वेळी आम्हांला धरावे.

आज बोलायचा विषय आम्हांला जपानातून मिळाला आहे. कसा मिळाला ते आधी सांगतो.

आमच्या बहिणीचा पोरगा, म्हणजे आमचा भाचा, आयटीआय करून आणि जपानी भाषेची शिकवणी लावून तिकडे कामाला गेला. नागोया शहराच्या पलीकडे ऐची प्रांतातल्या एका खेड्याजवळ त्याचा कारखाना आहे. राहायला खेड्यातच. पहिले सहा महिने त्याचा फोन आला की एकच रडगाणे. मामाजी, इथं 14 एप्रिलले निळा झेंडा नाही, दसऱ्याले दीक्षाभूमी नाही, कोणी जयभीम म्हणणारा नाही. सुटीच्या दिवशी खोलीत बसतो अन् मोबाइलवर आपली मिरवणूक पाहतो.

मग उन्हाळ्यात एक दिवस त्याचा वेगळाच फोन आला. म्हणाला, "मामाजी, इथल्या लोकाईचा गावचा सण आहे. मले बलावून राहिले. जाऊ का नको जाऊ?"

आम्ही म्हटले, अरे जा, त्यात विचारायचे काय? तर म्हणतो, "तसं नाही. एक सण पूर्वजांचा आहे अन् दुसऱ्यात देवाची पालखी खांद्यावर घ्यायची आहे. आपण बावीस प्रतिज्ञावाले. मंग कसं करू?"

बंधूंनो, खरे सांगतो, आम्हांला तत्काळ उत्तर देता आले नाही. रात्रपाळीला गेलो. बॉबिन फिरत होत्या आणि डोक्यात हाच प्रश्न फिरत होता. परमुलखात राहणाऱ्या माणसाने तिथल्या गावच्या सणात रमावे की नाही? आणि रमावे तर कुठवर? आज आपल्या वस्तीतली पोरे दुबईला आहेत, अमेरिकेत आहेत, कोणी पुण्या-बंगलोरला आहेत. म्हणून हा प्रश्न एकट्या भाच्याचा नाही.

आधी ते सण काय आहेत ते समजून घेऊ. जपानात उन्हाळ्यात, बहुतेक ठिकाणी ऑगस्टच्या मध्याला, ओबोन नावाचा सण असतो. त्याचे मूळ बौद्ध परंपरेत सांगतात. महामोग्गलान स्थविरांनी आपल्या मृत आईच्या कल्याणासाठी संघाला दान दिले, अशी ती कथा. त्या दिवसांत शहरात गेलेली पोरे गावी परततात, थडगी धुऊन काढतात आणि रात्री मैदानात मधोमध लाकडी माच उभारून त्याभोवती सगळे गाव गोल धरून नाचते. म्हातारे, बायका, लेकरे, कोणीही त्या गोलात शिरावे. दुसरा सण तिथल्या गावदेवाचा. त्याची लाकडी पालखी असते, तिला मिकोशी म्हणतात. गावातले लोक सारखे अंगरखे घालून आरोळ्या देत ती खांद्यावर मिरवतात. आता जपानातली खेडी म्हाताऱ्यांची झाली आहेत, तरुण शहरात गेले आहेत, पालखीला खांदे कमी पडतात. म्हणून परक्या मुलखातून आलेल्या कामगारांनाही ते बोलावतात. आमच्या भाच्याला आमंत्रण आले ते यातूनच.

आता बावीस प्रतिज्ञांकडे येऊ. श्राद्धपक्ष करणार नाही, पिंडदान करणार नाही, हे आपण कबूल केलेले आहे. देवदेवतांची उपासना करणार नाही, हेही कबूल केलेले आहे. ज्यांना हा निव्वळ हट्ट वाटतो, त्यांच्यासाठी आम्ही आमच्या आज्याची गोष्ट सांगतो.

आमचे मूळ गाव उमरेडकडचे. आमच्या आजीने सांगितलेली गोष्ट आहे. पोळ्याच्या दिवशी सकाळी आजा आखर झाडायचा, पाण्याचा सडा टाकायचा, तोरणासाठी आंब्याचे डहाळे तोडून आणायचा. दुपारी बैल सजून यायचे, झडत्या म्हटल्या जायच्या, पाटलाचा मानाचा बैल पुढे असायचा आणि आजा लांब कडुलिंबाखाली उभा असायचा. सण संपला की पोळी मिळायची, नाही असे नाही. पण ती वरून पदरात टाकलेली. पंगत उठून गेल्यावर. म्हणजे सणाचे सगळे काम त्याचे आणि सण मात्र त्याचा नाही. आजी म्हणायची, "बापू, तुझा आजा आपल्याच गावात परदेशी होता."

आज्याने ते गाव सोडले आणि नागपूरला आला. त्याचा पोरगा, म्हणजे आमचे वडील, 1877 साली सुरू झालेल्या आणि आता बंद पडलेल्या एम्प्रेस मिलमध्ये लागले. 14 ऑक्टोबर 1956 रोजी, अशोक विजयादशमीच्या दिवशी, आजा, आजी आणि वडील तिघेही दीक्षाभूमीवर होते. त्या दिवसाबद्दल आजी एकच सांगायची, "त्या दिवशी आमाले कोणी उठ म्हटलं नाही." तो आमच्या घराण्याचा पहिला सण, ज्यात आम्ही कडेला उभे नव्हतो, मधोमध बसलो होतो.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. त्या दिवशी बाबासाहेबांना त्रिशरण-पंचशील कोणी दिले? भदन्त चंद्रमणी महास्थविरांनी. ते मूळचे ब्रह्मदेशातले, अराकानचे. अनेक दशके कुशीनगरला राहत होते. म्हणजे आपल्या सर्वांत मोठ्या सणाच्या दिवशी दीक्षा देणारा माणूस परमुलखात येऊन राहिलेला माणूस होता.

पुढे दोन महिन्यांच्या आत आपल्यावर आभाळ कोसळले. 6 डिसेंबर 1956. त्याच दिवशी संघरक्षित नावाचे एक इंग्रज भिक्षू नागपुरात आले होते. राहायला ते दूर हिमालयात, कालिंपोंगला. इथे पाय ठेवला आणि थोड्याच वेळात बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाची बातमी आली. सायंकाळी कस्तुरचंद पार्कवर शोकसभा झाली. वक्त्यांना हुंदके आवरत नव्हते, बोलता येत नव्हते. तेव्हा रिक्षाच्या सीटवर उभे राहून या परक्या माणसाने आपल्या लोकांना धीर दिला, आणि पुढच्या चार दिवसांत वस्त्यावस्त्यांतून तीसहून अधिक सभा घेतल्या. पाहुणा म्हणून आलेल्या माणसाला खुर्ची देऊन बसवतात. पण दुःखाच्या घरी पाहुणा खुर्चीवर बसत नाही, तो काम हाती घेतो. संघरक्षितांनी ते घेतले.

तिसरे नाव तर आपल्या लेकरालेकराला माहीत आहे. भदन्त आर्य नागार्जुन सुरेई ससाई. 1935 साली जपानच्या ओकायामा प्रांतात जन्म. 1960 च्या दशकाच्या अखेरीस ते नागपुरात आले आणि इंदोऱ्याच्या बुद्ध विहारात राहिले. हिंदी शिकले, ती आपल्या जपानी वळणाने बोलू लागले. पुढे भारताचे नागरिक झाले. बोधगयेच्या महाबोधी विहाराच्या मुक्तीचे आंदोलन 1992 पासून पेटले, त्यात ते अग्रभागी होते. दीक्षाभूमीच्या स्मारक समितीचे अध्यक्ष झाले. सणाला जपानातून येणे आणि फोटो काढून परत जाणे त्यांना सोपे होते. पण त्यांनी आपला सण पाहिला नाही, आपला सण उचलला. म्हणून वस्तीने त्यांना जपानी भन्ते म्हणता म्हणता आपले भन्ते म्हणायला सुरुवात केली.

या तीन नावांमधून आम्हांला आमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळाले. परमुलखात राहून तिथला सण आपला होतो, पण तो बघ्याचा होत नाही. जो काम घेतो त्याचा होतो.

उरलेले अर्धे उत्तर मात्र अवघड होते. कारण आमच्या आज्यानेही कामच घेतले होते. आखर त्यानेच झाडले होते. मग त्याचा सण का झाला नाही?

रात्रपाळी सुटल्यावर सकाळी आम्ही भाच्याला फोन केला. तिकडे दुपार होत आली होती. आम्ही म्हटले, पहिल्या सणात जा, गोलात नाच. ज्यांच्या कष्टावर आपण उभे आहोत त्यांची आठवण ठेवणे हे श्राद्ध नव्हे, ती कृतज्ञता आहे. मात्र पिंड ठेवणे, नैवेद्य दाखवणे हे काही करू नको. आणि पालखीचे म्हणशील तर तुझ्या मनाला विचार. देव मानत नाहीस तर त्याला खांदा देणे खोटेपणाचे होईल. पण घरात दडी मारून बसणे हेही खरे नव्हे. लोकांना समोर जाऊन सांग.

पोरगा धीट निघाला. गावच्या म्हाताऱ्या पुढाऱ्याकडे गेला आणि मोडक्यातोडक्या जपानीत सांगितले, की मी बौद्ध आहे, आमच्याकडे एक शपथ आहे, म्हणून पालखीला हात लावणार नाही. पण दुसरे कोणतेही काम सांगा, करतो. म्हातारा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, शपथ मोडू नको. उद्या पहाटे पाचला ये, रस्ता झाडायचा आहे.

बंधूंनो, हे फोनवर ऐकले आणि आमच्या काळजात चर्र झाले. रस्ता झाडायचा! आज्याने आखर झाडले आणि पणतू सातासमुद्रापलीकडे जाऊन पुन्हा झाडूच हातात घेतो? इतके शिकवले ते यासाठी का? आम्ही रागाने म्हटले, नको जाऊ.

तो हसला. म्हणाला, "मामाजी, तो म्हातारा बी झाडणार आहे. सगळेच झाडतात इथं."

तो गेला. दुसऱ्या दिवशी रात्री त्याचा फोन आला. पहाटे गावातली सारी माणसे झाडू घेऊन उतरली होती, शाळेचे हेडमास्तरसुद्धा. दिवसभर तो पालखीपुढे रहदारी थांबवत होता आणि खांदेकऱ्यांना पाणी पाजत होता. संध्याकाळी पालखी जागेवर गेल्यावर चटयांवर पंगत बसली. त्या म्हाताऱ्याने त्याला बोलावून आपल्या शेजारी बसवले. गावाचे नाव पाठीवर लिहिलेला अंगरखा त्याला दिला. पोरगा आम्हांला म्हणाला, "मामाजी, मी पालखी नाही उचलली, तरी मले कोणी बाजूले नाही केलं."

तेव्हा आम्हांला उरलेले अर्धे उत्तर सापडले. झाडू दोघांच्याही हातात होता. पण आज्याच्या हातात तो जन्माने दिला होता आणि पणतवाने तो आपल्या मर्जीने घेतला. आज्याबरोबर पाटील झाडत नव्हता. पणतवाबरोबर हेडमास्तर झाडत होता. आणि सर्वांत मोठी गोष्ट ही, की झाडून झाल्यावर एकाला पदरात पोळी मिळाली आणि दुसऱ्याला पंगतीत जागा मिळाली. सण कोणाचा आहे हे ओळखायचे असेल तर देव कोणता ते पाहू नका, वाजा किती मोठा ते पाहू नका. काम करणारा जेवायला कुठे बसतो ते पाहा.

बाबासाहेबसुद्धा मे 1950 मध्ये जागतिक बौद्ध परिषदेसाठी सिलोनला गेले, 1954 साली रंगूनला गेले. तिथल्या बौद्ध लोकांचे विधी, सोहळे कसे चालतात, धम्म जिवंत कसा राहिला आहे, हे त्यांना डोळ्यांनी पाहायचे होते. परक्या मुलखातला सोहळा पाहणारी त्यांची नजर हौशी प्रवाशाची नव्हती. आपल्या लोकांसाठी यातले काय घ्यावे आणि काय टाकावे, असे ते पाहत होते. परदेशात असलेल्या आपल्या पोरांनी तीच नजर ठेवावी. तिथल्या सणात जावे, घ्यावे ते घ्यावे, शपथ सांभाळावी, लपवू नये. आणि आपलेही त्यांना द्यावे. जपानात 8 एप्रिलला बुद्धजयंतीचा फुलांचा सण असतो. बालबुद्धाच्या मूर्तीवर गोड चहा ओततात. आमच्या भाच्याने त्यानंतर सहाच दिवसांनी, 14 एप्रिलला, आपल्या खोलीत बाबासाहेबांची जयंती केली. चार शेजारी आले. त्यांना त्याने आपल्या हाताने सुजीचा हलवा करून खाऊ घातला. आज जगात बाबासाहेबांना जागा मिळते आहे. 2015 साली जपानच्या कोयासान विद्यापीठात त्यांचा पुतळा बसला. 2016 साली संयुक्त राष्ट्रसंघाच्या मुख्यालयात पहिल्यांदा जयंती झाली. या मोठ्या गोष्टी आहेत, आम्हांला त्यांचा अभिमान आहे. पण परक्या खेड्यात चार म्हाताऱ्यांनी हलवा खाऊन "हे कोण होते?" असे विचारणे, हेही आम्हांला लहान वाटत नाही.

आता शेवटचा मुद्दा. तो कडू आहे. आपल्याच घरचा आहे म्हणून इथेच सांगितला पाहिजे.

आपल्या विहाराच्या मागच्या गल्लीत भाड्याच्या खोल्यांमध्ये छत्तीसगड, बिहार आणि ओडिशाचे कामगार राहतात. काही आमच्याच रिंगखात्यात आहेत. आमच्यासोबत पाळी करतात, एकाच नळावर पाणी पितात. त्यांच्यासाठी हे नागपूर परमुलूखच आहे. त्यांचे गाव दूर, छट त्यांची तिकडे, नुआखाई तिकडे. सणाच्या दिवशी तेही खोलीत बसून मोबाइलवर आपली मिरवणूक पाहतात, जसा आमचा भाचा पाहत होता.

मागच्या वर्धापन दिनी त्यांतले पाच-सहा जण विहाराच्या फाटकाशी आले. एकाने विचारले, "भैया, कुछ काम हो तो बताइए." आपल्या स्वयंसेवकाने उत्तर दिले, "काम सब हो गया है. आप लोग बाद में आइए, खाना मिल जाएगा."

त्याने काही वाईट म्हटले नाही. हाकलले नाही. ते नंतर आले, त्यांना पोटभर जेवण मिळाले. आमच्याच हाताने आम्ही वाढले. पंगत उठून गेली होती. ते फाटकाजवळ भिंतीला टेकून बसले आणि द्रोण हातात धरून जेवले. तेव्हा आमच्या काही लक्षात आले नाही. उलट भोजनदान चांगले झाले म्हणून आम्ही खूश होतो. भाच्याचा तो पंगतीचा फोन आला त्या रात्री ती भिंत आम्हांला दिसली. कडुलिंबाखाली उभा असलेला आजा दिसला. यावेळी वाढणारे हात मात्र आमचे होते.

दसऱ्याला आपण रस्त्यारस्त्यांवर लाखो लोकांना भोजनदान करतो. थायलंडचे, जपानचे, श्रीलंकेचे पाहुणे आले की त्यांना मंचावर नेतो, हार घालतो, पोट्टे त्यांच्यासोबत फोटो काढतात. काढा, हरकत नाही. पण विमानाने आलेल्या परक्याला मंच आणि रेल्वेच्या जनरल डब्यातून आलेल्या परक्याला भिंत, हा हिशेब धम्मात बसतो काय? याचे उत्तर आम्ही कोणाकडे मागत नाही. आधी आमच्याकडे मागतो.

म्हणून यंदा समितीपुढे आम्ही एक साधी गोष्ट मांडली आणि समितीने ती मान्य केली, त्याबद्दल आभार. यंदाच्या कामाच्या यादीत मागच्या गल्लीतल्या अकरा जणांची नावे आहेत. काल रात्री मंडप त्यांनीच आपल्या पोरांबरोबर बांधला. आज पहाटे अंगण झाडायला अध्यक्ष महोदय स्वतः त्यांच्यासोबत होते. त्यांना त्रिशरण घ्या असे कोणी म्हटले नाही. वंदनेच्या वेळी कोणाला हात जोडायचे नसतील, तर तीही त्याची शपथ आहे, आपण ती सांभाळू. जपानच्या म्हाताऱ्याने आपली सांभाळली.

आता थोड्या वेळाने पंगत बसेल. आधी कोण, नंतर कोण, असे काही नाही. ज्याच्या शेजारी जो येईल तो. फाटकाजवळच्या भिंतीला टेकून कोणी बसलेला दिसला, तर कृपा करून त्याला हात धरून आत आणावे, आणि आपले ताट त्याच्या ताटाला लावून बसावे.

भाच्याला आम्ही सांगितले आहे, की त्या म्हाताऱ्याला निरोप दे, तुझी चटई नागपूरपर्यंत पुरली.